पहिल्या तोडीची लवकी

लग्नाला जा, बारशाला जा, वास्तुपूजेला जा, लोक मला आधी गच्चीवर नेतात. हातात सरबताचा पेला असतो, पायात चप्पल नसते, खाली सिमेंट तापलेलं असतं आणि यजमान विचारत असतात, "मॅडम, या टमाट्याची पानं काऊन मुरडून राह्यली?" मी निवृत्त झाले तरी वर्ध्यात अजून 'कुंडीवाल्या ढोलेबाई'च आहे. पंगत उठेपर्यंत मी त्यांच्या वांग्यावरचा मावा पुसत असते. तक्रार नाही. कुणी गच्चीवर नेलं नाही तर उलट मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शहरात जिथे हातभर ऊन पडतं तिथे भाजी उगवून द्यायची, हे माझं काम. एका लहानशा संस्थेची नोकरी होती. गच्ची, अंगण, न्हाणीमागची बोळ, लेआउटमधला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीतला रिकामा तुकडा, काहीही चालायचं. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची. तळाशी पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडाचे तुकडे. त्यावर वाळला पाला, स्वयंपाकघरातली सालं, शेणखत आणि वरून जराशी माती. हे सगळं कुजून हलकं होतं, गच्चीवर भार येत नाही, पाणीही कमी लागतं. लोकांना वाटतं, भाजी लावणं म्हणजे बी टाकणं. बी टाकणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी कचरा जमवायचा आणि माणसं जमवायची, आणि त्यात कचरा फार लवकर जमतो.

माणसांचे तर एकेक नमुने भेटले. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी गच्चीवर इतकी देखणी वांगी पिकवली की बायकोला तोडू देईनात. रोज सकाळी पाहुण्यांना वर नेऊन दाखवायचे. शेवटी वांगी पिवळी जरड झाली आणि खाली बाई बाजारातून वांगी आणून भाजी करत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "सर, ही वांगी आहेत, शाळेतल्या ढाली नाहीत." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. बायकोने मात्र दुसऱ्या दिवसापासून कात्री उचलली.

पण हे सगळं गमतीचं झालं. मी आजही विसरू शकत नाही ती एक सकाळ.

सावंगी (मेघे)कडे दवाखान्यामुळे वस्ती वाढत गेली. शिकणारी पोरं आली, त्यांच्या मागे त्यांचे डबे करणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बाया गावांकडून आल्या आणि एकेका खोलीत संसार थाटून राहिल्या. गावात यांच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या तुकड्यात, काहीतरी हिरवं असायचंच. इथे उन्हाळा लागला की भाज्यांचे भाव चढायचे आणि महिना महिना पोरांच्या ताटात बेसन नाहीतर चटणी. तिथल्या एका लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर आम्ही या बायांचा भाजीचा बगिचा उभा केला. जागा लेआउटच्या मंडळाची होती. मंडळाचे अध्यक्ष गोपालजी धान्याचे जुने व्यापारी. दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसलेले. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. आधी त्यांनी मला सरळ नाही म्हटलं होतं. पण लोक त्या जागेवर कचरा टाकायचे ते त्यांना खपत नव्हतं, म्हणून मग म्हणाले, "लावा भाजी. पण तक्रार आली की बंद."

बगिच्याचा जीव होती सुशीला. विद्यार्थ्यांचे डबे करायची. नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. घर डब्यांवर चालायचं. तिचं माहेर सेलूजवळच्या एका गावात. आई वारली तेव्हा भावाने विचारलं, काय नेतेस, तर हिने चुलीवर टांगलेलं वाळक्या भोपळ्याचं तुंबडं आणलं, आत लवकीचं बी. लवकी म्हणजे दुधी भोपळा. आमच्याकडे दुधी म्हटलं तर बाजारवाली दोनदा विचारते. आईची लवकी आखूड, पोटाशी गोल, अंगावर पांढरट लव. सुशीला ती दरवर्षी लावायची, एक फळ बियाला ठेवायची.

आणि तिचा एक नेम होता, आईचाच. नव्या वेलाची पहिली तोड आपल्या घरात चढवायची नाही. ती सगळी वाटून टाकायची: ज्याची जमीन त्याला, शेजाऱ्यांना, माहेरी. स्वतः चवही घ्यायची नाही. दुसऱ्या तोडीपासून आपलं. मला हे फार आवडायचं. मी इतर बगिच्यांतही सांगत सुटले होते की सुशीलाकडून शिका.

त्या सकाळी मी दात घासत होते आणि फोन वाजला. बाबूजींची सून माधुरी.

"मॅडम, बाबूजींना उलट्या होऊन राहिल्या. आता रक्त पडलं. हातपाय गार झालेत. गाडी काढली आहे, दवाखान्यात नेतो आहे. सकाळपासून फक्त ज्यूस घेतला त्यांनी. तुमच्या बगिच्यातल्या लवकीचा."

बाबूजींना साखरेचा त्रास. रोज सकाळी लवकीचा रस प्यायचे, हे मला माहीत होतं.

"रस कडू होता का गं?"

"मी नाही चाखला. त्यांनी तोंड वाकडं केलं होतं, पण ते म्हणाले, चांगला आहे."

मी ब्रश बेसिनमध्ये टाकला. "माधुरी, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, कडू लवकीचा रस प्यायले. भांड्यात उरला असेल तर तोही सोबत ने."

कडू लवकी हे साधंसुधं प्रकरण नाही. कारलं कडू असतं ते वेगळं. लवकी कडू निघाली तर ते विषच समजायचं. पोट आतून सोलवटून काढतं, रक्तदाब खाली जातो, आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. सलाइन लावून माणसाला सावरून धरायचं एवढंच. शिजवली म्हणून विष जात नाही. एरवी हे घडत नाही, कारण कडू घास माणूस थुंकून टाकतो. पण साखर असलेल्या माणसाला सगळ्या गल्लीने सांगितलेलं असतं, की कडू तेवढं चांगलं.

मी स्कूटर बगिच्यावर नेली. सुशीला पाणी देत होती. मी वेलावरची एक कोवळी लवकी तोडली, देठाकडची चकती कापली आणि जिभेचं टोक लावलं. तोंडभर कडूपणा पसरला. मी थुंकले, चूळ भरली, तरी जाईना.

"सुशीला, या वेलाची तोड कुणाकुणाला दिलीस?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला पाइप तसाच खाली पडला. "मॅडम, कालच वाटली जी साऱ्यायले. मी तं चवबी नाई घेतली. पहिली तोड होती नं."

गोम इथेच होती. सुशीलाने एक चकती जरी तोंडात टाकली असती तरी काही झालं नसतं. तिच्या नेमामुळे ती सोडून बाकी सगळ्यांच्या घरात लवकी पोचली होती.

पुन्हा लवकी मोठी. एका घराला पुरून उरते, म्हणून बाया अर्धी कापून शेजारी देतात. म्हणजे ज्या घरी दिली तिथे ती असेलच असं नाही. आम्ही बगिच्यातल्या बाया गल्ल्यांत पांगलो. दहाच्या सुमाराला घराघरांत फोडणीचा वास सुटलेला, आणि आम्ही दार वाजवून ओरडतोय, "लवकी खाल्ली का? कुणाले देल्ली?" एका घरी फ्रिजमध्ये सापडली. एका घरी मुठिये करायला किसून ठेवली होती. एका खोलीत शिकणाऱ्या पोरी राहत होत्या, त्यांच्या कुकरची शिट्टी व्हायची होती. मी गॅस बंद केला, तर एक पोरगी म्हणाली, "आंटी, पण आम्ही मीठ बरोबर टाकलंय." मला हसू आलं असतं, पण मी आधी कुकरच उचलून बाहेर नेला.

वस्तीतल्या सगळ्या फोडी सापडल्या. सुशीला बोटं मोडत हिशेब लावत होती आणि मधेच थांबली.

"वयनीले पाठवली," ती म्हणाली. "काल संध्याकाळच्या गाडीनं, गावच्या बाईजोळ. वर्षावयनी पोटुशी हाय. तिले मायच्या लवकीची भाजी खायची होती."

वर्षा म्हणजे तिच्या भावाची बायको. आम्ही फोन लावला. वर्षाचा बंद. भावाचा वाजून वाजून थांबला. तो वावरात असणार. सुशीला माझ्यामागे स्कूटरवर बसली आणि आम्ही सेलूचा रस्ता धरला.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी तो संपतच नव्हता. ऊन चढलेलं. मागे सुशीला एका हाताने माझा खांदा धरून दुसऱ्या हाताने फोन लावत होती. मधेच तिने रडायला सुरुवात केली, मग एकदम थांबली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, तिले काई झालं तं मी माहेरी कोनतं तोंड घेऊन जाऊ? मायचंच बी, अन् मायच्याच घरात..." मी तिला दटावलं, म्हटलं गप बस. खरं तर मलाच रडू येत होतं. दवाखान्यात बाबूजी, इकडे दोन जीवांची बाई, आणि ही माझ्या पाठीला चिकटून बसलेली.

गावात शिरलो तर घराचं दार उघडं. चूल पेटलेली, वर पातेलं. सुशीला गाडी थांबायच्या आत उतरली आणि धडपडली. आतून एक म्हातारी बाहेर आली. ही बेबीकाकू, शेजारीण, सुशीलाच्या आईची मैत्रीण. वर्षाला फोडणीचा वास सहन होत नव्हता, म्हणून काकू रांधायला आली होती.

"काकू, लवकी..." सुशीलाने चुलीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"फेकली," काकू म्हणाली. "इख होती निस्ती. तुह्या मायची म्हून सांगतलं आननाऱ्या बाईनं. म्या म्हटलं, हे आपली नोहे."

काकूला कच्ची लवकी खायची खोड. चिरायला बसली की देठाकडची फोड आधी तोंडात. लहानपणापासूनची सवय, त्यासाठी सासूच्या शिव्याही खाल्लेल्या. पातेल्यात वरण होतं. वर्षा आतल्या खोलीत झोपली होती, तिला काही माहीत नव्हतं. सुशीलाने दारातूनच तिच्याकडे पाहिलं आणि आत पाऊल न टाकता मागे फिरली. काकूने पाणी दिलं तेही तिने घेतलं नाही.

बाबूजी बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते. दोनदा डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं. वस्तीत तेवढ्यात सगळं ठरून गेलं होतं: बगिचा विषारी, नाल्याचं पाणी देतात, काहीतरी औषध मारतात. ना आम्ही नाल्याचं पाणी देत होतो, ना औषध मारत होतो. सुशीलाचे डबे एकेक करून बंद झाले. पालक, चवळी, मेथी यांनी काय घोडं मारलं होतं? पण कुणी हात लावेना. भाजी वाफ्यात जरड झाली आणि शेजारच्याच खोल्यांत पोरं पुन्हा बेसन खाऊ लागली. मला त्याचा राग यायचा. आजही येतो.

कारण नंतर उमगलं. आदल्या वर्षी कुंपणापलीकडे एका हौशी भाडेकरूने शोभेचे दिवे करायला तुंब्याचा वेल लावला होता. तुंबा म्हणजे लवकीचाच रानटी, कडू भाऊ. पतंगांनी इकडचा पराग तिकडे नेला. त्या वर्षीच्या लवकीला काही झालं नाही, ती गोडच होती. पण तिच्या पोटातलं बी बाटलं, आणि सुशीलाने नेमकं तेच बी जपून ठेवलं. पुढच्या वर्षी वेल उगवला तो दिसायला आईचा, चवीला तुंब्याचा. हे मी दारोदार समजावलं. लोक मान डोलवायचे आणि भाजी घ्यायचे नाहीत.

मंडळाची सभा बगिच्यातच भरली. पार्किंग करायचं हे बहुतेकांचं ठरलेलंच होतं. सुशीला मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी. तेवढ्यात माधुरीच्या हाताला धरून बाबूजी आले. अर्धे झाले होते. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"जन्मभर मी दाणा दातात धरून माल घेतला," ते म्हणाले. "खराब माल मला पहिल्या घासाला समजतो. त्या दिवशीही समजला होता. पहिलाच घोट असा कडू, की थुंकून टाकायला पाहिजे होता. मला वाटलं, कडू आहे म्हणजे शुगरला एकदम असली चीज आहे. नाक दाबून पूर्ण ग्लास पिलो. सुनेनं विचारलं तर तिलाही चांगला आहे म्हटलं. यात या बाईची काय गलती? पार्किंग करायचं तर गाड्यांसाठी करा, माझं नाव सांगून करू नका."

पार्किंगचा विषय तिथेच मिटला. बगिचा वाचला. पण सुशीला टाकीजवळून कधी निघून गेली ते कळलं नाही. मी तिच्या खोलीवर गेले तर ती चुलीपुढे बसली होती. तुंबडं रिकामं होतं. आईच्या बियातलं उरलेलं सगळं तिने जाळलं होतं.

"बरं केलंस," मी म्हटलं, कारण ते बी खरंच ठेवण्यासारखं नव्हतं.

"बरंच केलं," ती म्हणाली. "पन आता मायचं काईच नाई राह्यलं जी."

माझ्या कामाचं एक दुःख इथे सांगून टाकते. त्या प्रकरणानंतर कित्येक बायांनी घरचं सगळं बी फेकलं. वाल, भेंडी, चवळी, ज्यांचा काही संबंध नव्हता तेही. सगळ्यांना पाकीटबंद बी हवं झालं. मी विरोध केला, पण माझं कोण ऐकतं.

सुशीलाची चूल मात्र डोळ्यांपुढून जाईना. आणि एका दुपारी, कुणाच्या तरी गच्चीवर कुंडी उकरताना, बेबीकाकूचं वाक्य आठवलं. हे आपली नोहे. 'आपली' म्हणजे कुणाची? 'आपली' कशी लागते ते काकूला कसं माहीत, तिच्याकडे नसेल तर?

मी सेलूची गाडी धरली. काकूच्या छपरावर वेल होता, उशिरा लावलेला, आता कुठे धरलेला. आखूड लवक्या, पोटाशी गोल, अंगावर पांढरट लव. सुशीलाच्या आईने कधीतरी पहिली तोड वाटली होती, त्यातलं एक फळ काकूने बियाला ठेवलं होतं. गावात तुंबा नव्हता, वेल चोख राहिला. काकूने जुन्या लुगड्याच्या चिंधीत बी बांधून दिलं आणि म्हणाली, "तिले सांगजो, सोतावर एवढा राग बरा नाई. माहेरची वाट सोडू नोको म्हना."

सुशीलाने चिंधी उघडली नाही, नुसती मुठीत धरून बसली. मग उठली आणि आधी कुंपणापलीकडे जाऊन तुंब्याचं एकेक रोप उपटून आली. त्यानंतर बी लावलं.

वेल मांडवावर चढला, पहिली तोड आली. सगळ्या बाया जमल्या होत्या, बाबूजीही आले होते, काठी टेकत. सुशीलाने विळी मांडली आणि देठाकडची चकती कापून तोंडात टाकली. आईचा नेम तिने मोडला. चावता चावता तिचे डोळे भरून आले. फोड गोड होती. पहिली लवकी बाबूजींना दिली. दुसरी पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "मॅडम, चालता का संग? एकटीचे पाय नाई उचलत."

गावात वर्षा अंगणात बसली होती, मांडीवर बाळ. मागची सगळी हकीकत तिला एव्हाना कळलेली होती. सुशीला फाटकाशीच थांबली. बेबीकाकूने तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली, तिथेच ओट्यावर विळी मांडून लवकी कापली, एक फोड आपल्या तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावू लागली. सुशीला तिच्या तोंडाकडे पाहत होती. मीही.

वर्षाने मात्र काकूकडे पाहिलंच नाही. ती बाळाला घेऊन उठली, विळीजवळची फोड उचलली, खाल्ली आणि सुशीलाला म्हणाली, "ताई, भाईर काऊन उभ्या? या नं आत."